लिनक्स शिकायचंय, पण कशावरून? सोलापूरच्या नवशिक्यांसाठी

विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो. ‘लॅपटॉप मस्त चालतोय बे, पण विंडोज ११ घेत नाही. लिनक्स टाकू का? आणि टाकलं तर शिकू कुठून?’

टाकणं एका दुपारचं काम आहे. अडचण शिकण्यात येते, तीही साहित्य फार असल्यामुळे. लिनक्स हा शब्द शोधलात की हजारो व्हिडिओ समोर येतात. त्यातला एक २०११ चा, दुसरा काल टाकलेला, तिसरा सर्व्हरवाल्यांसाठी, चौथा भलत्याच डिस्ट्रोचा, म्हणजे लिनक्सच्या वेगळ्याच प्रकाराचा. नवशिका चारही थोडे थोडे बघतो आणि आठवड्यात कंटाळतो. म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती आहे: तुमच्या मशीनवर जी आवृत्ती आहे तिच्याशी जुळणारं साधं साहित्य घ्या. नावाजलेलं, पण न जुळणारं साहित्य नंतर बघता येईल.

एक सूचना आधीच देतो. खालच्या कमांड, म्हणजे संगणकाला लिहून द्यायचे हुकूम, मी देवनागरीत, बऱ्याच ठिकाणी अक्षरं सुटी करून लिहिल्या आहेत. अक्षरांमधली रेघ टाइप करायची नाही, डॅश म्हटलंय तिथेच ती द्यायची. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, त्या इंग्रजी छोट्या लिपीतच टाइप करायच्या, वेगळं सांगितलं असेल तेवढं सोडून. मोठं आणि छोटं अक्षर लिनक्सला वेगळं वाटतं.

काय काय जवळ असावं

- ४ जीबी रॅमचा कुठलाही लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. एसएसडी असेल तर उत्तम.
- ८ जीबीचा पेनड्राइव्ह. नवी पेठेत मिळेल. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.
- तुमच्या फाइलींची दुसरीकडे ठेवलेली प्रत.
- विंडोज राहू द्यायचं असेल तर बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की, कागदावर लिहून. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.
- एक चालू ईमेल पत्ता. मोफत कोर्सना तो लागतो.
- डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टर. इन्स्टॉल चालू असताना मध्येच लाइट गेली तर डिस्क अर्धवट अवस्थेत राहते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात हे ध्यानात ठेवा.
- वही. हो, कागदाची.

१. आधी डिस्ट्रो ठरवा, मग साहित्य शोधा

लिनक्स म्हणजे मुळात कर्नेल, सिस्टिमचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये तो सुरू केला. त्यावर बाकीचा डोलारा उभा करून जे आपल्या हातात येतं, ती डिस्ट्रो. डिस्ट्रो शेकडो आहेत, आणि कुठली चांगली यावर भांडणाऱ्यांना दुसरं काम नसतं. त्यात पडू नका.

नवशिक्याने लिनक्स मिंट किंवा उबंटू यांतलं एक घ्यावं. कारण शिकण्याच्या साहित्याचंच आहे. उबंटू २००४ पासून आहे, मिंट २००६ पासून, आणि मिंटची मुख्य आवृत्ती उबंटूवरच उभी आहे. त्यामुळे एकासाठी लिहिलेलं बरंचसं दुसऱ्यावर चालतं. अडलात तर तीच अडचण आधी कुणाला तरी आलेली असते.

जुन्या मशीनवर मी मिंट सुचवतो. सिनॅमन ही त्याची नेहमीची आवृत्ती, खालचा पट्टा आणि मेनू विंडोजच्या सवयीचा. मशीन फारच थकलेलं असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. उबंटू २४.०४ ची फाइल सहा जीबीच्या आसपास जाते, मिंटची साधारण तीन. मोबाइलच्या रोजच्या डेटावर उतरवणाऱ्याला हा फरक कळेल. डाउनलोड मध्येच तुटत असेल तर टोरंटने घ्या, तुटलेलं पुढे चालू होतं. उतरल्यावर साइटवर दिलेला चेकसम, म्हणजे फाइल पूर्ण उतरली का हे पडताळायचा आकडा, जुळवून बघा. अर्धवट फाइलमुळे येणारे एरर शोधत बसण्यात दिवस जातो.

उबंटूची दीर्घ सपोर्टवाली, म्हणजे एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते: २२.०४, २४.०४ अशी. पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. शिकताना एलटीएसच घ्या. मधल्या आवृत्त्यांचा सपोर्ट नऊच महिने असतो.

सरकारी सी-डॅकची बॉस लिनक्सही आहे, डेबियनवर उभी असलेली आणि भारतीय भाषांचा विचार करून बनवलेली. कुतूहल म्हणून जरूर बघा. पहिलं शिक्षण मात्र जिथे उत्तरं पटकन सापडतात तिथेच बरं.

२. विंडोज न पुसता चालवून बघा

रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने उतरवलेली फाइल चढवून पेनड्राइव्ह तयार करा, लॅपटॉप चालू करताना बूट मेनूची की दाबा (डेलला एफ१२, एचपीला एफ९, लेनोवोला बहुधा एफ१२) आणि लाइव्ह सेशन, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स, उघडा. यात हार्ड डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, टचपॅड चालतात का हे इथेच कळतं. डेस्कटॉपवरचं इन्स्टॉलचं चिन्ह अजून दाबू नका.

बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट वगैरे बदलण्याआधी बिटलॉकरची की जवळ आहे ना, हे पुन्हा बघा. नंतर विंडोज तीच की मागत बसतं आणि माणूस घामाघूम होतो.

विंडोज सोडायचंच नसेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम) मिंट चालवा, किंवा विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल घ्या. कमांड शिकायला दोन्ही पुरतात. संगणकच नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप घ्या, एफ-ड्रॉइड या अ‍ॅपच्या भांडारावरून. फोनच्या कीबोर्डवर बोटं दुखतात, पण एल-एस, सी-डी, ग्रेप हे सगळं तिथे खरोखर चालतं. डिप्लोमाला असलेल्या आणि घरी लॅपटॉप नसलेल्या पोरांना मी हेच सांगतो.

आणि दुकानात तुमचं काम टॅलीवर किंवा श्रीलिपीतल्या जुन्या फाइलींवर चालत असेल तर तो संगणक सोडा. ही सॉफ्टवेअरं विंडोजची आहेत. वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून चालवण्याचे उपाय सांगणारे भेटतील. मार्च महिन्यात, हिशेब बंद करायच्या वेळी, त्यांच्या नादी लागू नका. शिकायला वेगळं मशीन घ्या.

३. मराठीतून सुरुवात: स्पोकन ट्यूटोरियल

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प नवशिक्यासाठी सोन्यासारखा आहे, आणि नवल म्हणजे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतो. सगळं फुकट. साधारण दहा-दहा मिनिटांचे भाग, पडद्यावर प्रत्यक्ष काम चाललेलं आणि मागे मराठी आवाज. प्रत्येक भागाची लिहिलेली स्क्रिप्टही मिळते. सोलापुरात घरात तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी कितीतरी मंडळी आहेत. प्रकल्पात या भाषाही आहेत, मात्र प्रत्येक भाग प्रत्येक भाषेत असेलच असं नाही.

साइटवर विषय लिनक्स निवडा, भाषा मराठी. मग या क्रमाने जा: बेसिक कमांड्स, जनरल पर्पज युटिलिटीज, फाइल सिस्टिम, फाइल अ‍ॅट्रिब्यूट्स, रिडायरेक्शन आणि पाइप्स, प्रोसेसेस, सिम्पल फिल्टर्स, आणि मग ग्रेप. सेड आणि ऑक त्यानंतर. दोन-तीन महिने नाही बघितलेत तरी काही अडत नाही.

बघायची पद्धत महत्त्वाची. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर टर्मिनल. त्यांनी एक कमांड टाकली की थांबवा, स्वतः टाका, तेच उत्तर येतं का बघा, मग पुढे. नुसतं पडून बघितलेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी आठवत नाही. नेट खराब असेल तर हवे ते विषय आणि भाषा निवडून सगळे भाग एकत्र उतरवून घ्यायची सोय साइटवर आहे. कॉलेजच्या वायफायवर एकदा उतरवा, पेनड्राइव्हवरून चार मित्रांना द्या.

इथे एक सापळा आहे. यातले बरेच लिनक्सचे भाग फार जुन्या उबंटूवर रेकॉर्ड केलेले आहेत. पडद्यावरचे मेनू, चिन्हं, रंग तुमच्याकडे तसे दिसणार नाहीत. म्हणून डेस्कटॉपची ओळख करून देणारा भाग सरळ सोडून द्या. कमांडचे भाग मात्र बिनधास्त बघा. सी-पी, एम-व्ही, सी-एच-मॉड या दशकानुदशकं तशाच आहेत.

४. आपल्याच मशीनमधलं पुस्तक उघडा

इन्स्टॉल केलेल्या लिनक्समध्ये मदत आधीच भरलेली असते, आणि ती तुमच्याच आवृत्तीची असते. नवीन माणूस तिकडे फिरकत नाही, कारण पहिल्यांदा उघडल्यावर ती अंगावर येते.

टर्मिनलमध्ये मॅन, स्पेस, एल-एस टाका. एल-एस या कमांडची सगळी माहिती येईल. बाहेर पडायला क्यू दाबा. हे कुणी सांगत नाही आणि माणूस खिडकीच बंद करून टाकतो. शोधायला तिरपी रेघ देऊन शब्द लिहा, पुढचा सापडण्यासाठी एन. सगळं वाचू नका. वरची एक ओळ वाचा, वापराचा नमुना बघा, हवा तो पर्याय शोधा, बाहेर या.

कमांडचं नावच माहीत नसेल तर? मॅन डॅश के आणि कामाचा इंग्रजी शब्द, उदाहरणार्थ कॉपी. त्या शब्दाशी संबंधित कमांडची यादी येते.

मिंट किंवा उबंटूवर मॅन सी-डी टाकलंत तर अशी नोंद नाही असं उत्तर येईल. सी-डी ही बॅश शेलच्या, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, पोटातली कमांड आहे, तिला वेगळं मॅन पान नाही. तिथे हेल्प सी-डी टाका. एखादी कमांड शेलच्या आतली की बाहेरची, हे टाइप ही कमांड सांगते.

मॅन पान कोरडं वाटत असेल तर टीएलडीआर हा छोटा प्रोग्राम टाकून घ्या. तो प्रत्येक कमांडची चार-सहा रोजची उदाहरणं देतो. मी आधी ते बघतो, मग खात्रीसाठी मॅन उघडतो.

पासवर्डचं एक. सुडो देऊन (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) कमांड चालवली की पासवर्ड विचारतो. मिंटवर टाइप करताना फुल्या दिसतात, पण उबंटू २४.०४ वर पडद्यावर काहीच दिसत नाही, टिंबंसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही. लिहा आणि एंटर दाबा. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे चालू काम थांबवणं, कॉपी नव्हे. कॉपीला कंट्रोल-शिफ्ट-सी, पेस्टला कंट्रोल-शिफ्ट-व्ही.

५. एक पुस्तक, एकच

विल्यम शॉट्स यांचं ‘द लिनक्स कमांड लाइन’ लेखकाच्या साइटवर पीडीएफ रूपात अधिकृतपणे मोफत आहे. इंग्रजी सोपं आहे, बारावी झालेल्याला झेपेल. पाचशेहून जास्त पानं बघून घाबरू नका, पहिला भाग वाचलात तरी रोजच्या कामापुरतं हातात येतं. पहिल्या भागाची छापील प्रत काढून घ्या आणि वाचनालयात बसून वाचा. पडद्यावर वाचताना माणूस दुसरी टॅब उघडतोच.

शेवटचा भाग शेल स्क्रिप्टचा, म्हणजे एका फाइलीत ओळीने लिहिलेल्या कमांडचा. सोलापूरकराला स्क्रिप्ट समजावायला मला जॅकार्डचं माग पुरतं. भोकं पाडलेली कार्डं एकामागे एक ओवलेली असतात, माग एकेक कार्ड वाचतो आणि त्याप्रमाणे धागे उचलतो. स्क्रिप्टही ओळीमागून ओळ तशीच चालते. कार्डांचा क्रम चुकला तर चादरीवर नक्षी चुकते, एवढं ध्यानात ठेवून त्या भागात शिरा.

डेबियनवर जायचं असेल तर ‘डेबियन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक’ हेही मोफत आहे. ते नंतरचं.

६. कोर्स हवा असेल तर

काहींना वेळापत्रक आणि परीक्षा असल्याशिवाय अभ्यास होत नाही. त्यांनी लिनक्स फाउंडेशनचा ‘इंट्रोडक्शन टू लिनक्स’ घ्यावा, इंग्रजीत आहे, शिकणं मोफत आहे. नाव नोंदवताना प्रमाणपत्राचा पैशांचा पर्याय समोर आला तर घाई करू नका. आधी कोर्स पुरा होतोय का बघा.

७. हात बसवायला खेळ

ओव्हर-द-वायरवर बँडिट नावाचा खेळ आहे. एसएसएच ही कमांड वापरून दूरच्या मशीनवर जायचं, तिथे लपवलेला पासवर्ड शोधायचा, त्याने पुढची पातळी उघडायची. सुरुवातीला नुसती फाइल वाचायची असते. मग नावात स्पेस असलेली फाइल, लपवलेली फाइल, हजारो ओळींत एकदाच आलेली ओळ, असं चढत जातं. फाइंड, ग्रेप, सॉर्ट, युनिक (यू-एन-आय-क्यू) या कमांड कशाला आहेत ते इथे कळतं. पहिल्या दहा-बारा पातळ्या नवशिक्याला पुरे. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, खेळ तुमची प्रगती साठवत नाही. लॅबच्या नेटवर्कवर २२२० पोर्ट बंद असेल तर मोबाइल हॉटस्पॉटवरून जा.

उत्तरांचे व्हिडिओ सगळीकडे आहेत. बघितलेत की खेळ संपला.

८. साहित्य शिळं आहे हे कसं ओळखायचं

तारीख बघाच, पण तारीख बदलून पुन्हा टाकलेले लेखही असतात. आतल्या खुणा बघा.

- आयपी पत्ता बघायला आयएफ-कॉन्फिग सांगत असेल तर लेख जुना किंवा जुन्या सवयीचा. आता आयपी ए.
- सर्व्हिसेस सुरू-बंद करायला सिस्टिम-सीटीएलचा उल्लेखच नसेल तर बहुधा २०१५ च्या आधीचा. उबंटूने त्या वर्षी १५.०४ मध्ये सिस्टिम-डी आणलं, सिस्टिम-सीटीएल ही त्याचीच कमांड.
- उबंटूच्या चित्रात युनिटी डेस्कटॉप असेल तर बहुधा ऑक्टोबर २०१७ च्या आधीचा. १७.१० पासून उबंटू पुन्हा ग्नोम डेस्कटॉपवर आलं.
- जीके-सुडो सांगत असेल तर पुढे वाचू नका.
- एपीटी-की वापरून रेपॉझिटरी (सॉफ्टवेअरचं भांडार) जोडायला सांगत असेल तर तीही पद्धत मोडीत निघाली आहे.

तुमची आवृत्ती कळायला एलएसबी अंडरस्कोर रिलीज, स्पेस, डॅश ए. आलेलं उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि काहीही शोधताना तो आकडा शोधात घाला. मिंटवाल्यांनी आपली मिंट कुठल्या उबंटूवर उभी आहे तेही लिहावं: मिंट २१ ही २२.०४ वर, मिंट २२ ही २४.०४ वर.

आर्च लिनक्स या दुसऱ्या डिस्ट्रोच्या विकीवर अनेक उत्तरं सापडतील. त्यांचं लिखाण उत्तम असतं, समजून घ्यायला वाचा. पण तिथली सॉफ्टवेअर टाकायची पॅकमॅन कमांड मिंटवर चालणार नाही.

९. अडलात तर विचारायचं कसं

‘वायफाय चालत नाही’ एवढ्यावर कुणीही मदत करू शकत नाही. काय करत होतात, कुठली कमांड दिलीत, नेमका एरर काय आला, आवृत्ती कुठली, हे चारही लिहा. मिंटवर इंक्सी डॅश एफ-एक्स-झेड (यात एफ मोठा) दिलं की मशीनची सगळी माहिती येते, आणि झेडमुळे सीरियल नंबर, आयपी असल्या खाजगी गोष्टी झाकल्या जातात. एररचा फोटो काढू नका, मजकूर कॉपी करा.

डेस्कटॉप मराठीत ठेवला असेल तर एरर मराठीत येऊ शकतो, आणि तो मराठी एरर शोधून काही सापडत नाही. कमांडच्या आधी एलसी अंडरस्कोर ऑल, बरोबरचं चिन्ह, सी (पहिले दोन शब्द आणि सी मोठ्या अक्षरांत) आणि स्पेस द्या. तेवढ्यापुरता संदेश इंग्रजीत येतो. शिकेपर्यंत डेस्कटॉप इंग्रजीतच ठेवावा असं माझं मत. मराठी लिहायला त्याची आडकाठी नाही. कीबोर्ड लेआउटमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट जोडा, किंवा इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस-एम१७एन टाकून घ्या.

चॅटबॉटला विचारायला हरकत नाही. मात्र ‘ही कमांड काय करते, एकेक तुकडा सांग’ असं विचारा. ‘माझा प्रॉब्लेम सोडव’ म्हणालात तर तो कधीकधी अस्तित्वात नसलेला पर्याय ठामपणे सांगतो. सांगितलेला प्रत्येक पर्याय मॅनमध्ये आहे का बघा, मगच एंटर.

आणि हे काटेकोरपणे पाळा: सुडो आणि आर-एम डॅश आर-एफ (न विचारता फाइली पुसणारी कमांड) एकत्र असलेली ओळ, किंवा नेटवरून काहीतरी खेचून थेट सुडो बॅशमध्ये ओतणारी ओळ, न समजता पेस्ट करायची नाही. सांगणारा कितीही मोठा असो. प्रयोग करण्याआधी मिंटमधल्या टाइमशिफ्टने सिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घ्या. सिस्टिम बिघडली तर मागे जाता येतं. टाइमशिफ्ट तुमच्या फोटो-फाइलींचा बॅकअप घेत नाही, तो वेगळा.

१०. क्लास लावायचा का?

घरी वापरायला शिकायचं असेल तर गरज नाही. पुण्यात सिस्टिम अ‍ॅडमिनची नोकरी डोळ्यांसमोर असेल तर मात्र आरएचसीएसए ही रेड हॅट या लिनक्स कंपनीची परीक्षा बरीच विचारली जाते. ती पूर्ण प्रात्यक्षिक असते, गोळे रंगवायचे नसतात. तयारीला रेड हॅटचं वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन फुकट मिळतं, किंवा रेड हॅटशी जुळणारी मोफत अल्मा लिनक्स, रॉकी लिनक्स घ्या.

क्लासची फी भरण्याआधी हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. फीमध्ये परीक्षेचं शुल्क धरलंय का? शेवटी मिळणारं प्रमाणपत्र रेड हॅटचं की क्लासचं? शिकवणार कुठल्या आवृत्तीवर, आणि परीक्षा सध्या कुठल्या आवृत्तीवर आहे? प्रत्येकाला स्वतंत्र मशीन मिळेल का? ‘सर्टिफिकेट मिळेल’ एवढंच उत्तर आलं तर डेमो लेक्चर मागा. डेमोत सर टर्मिनल न उघडता नुसत्या स्लाइड दाखवत असतील तर चहा पिऊन निघा.